टाचेतला थेंब आणि शिकलेला हात

प्रसूतिगृहातून घरी निघण्याची तयारी चाललेली असते. पेढ्यांचे खोके वाटून झालेले असतात, दुपट्यांची पिशवी भरलेली असते, आणि तेवढ्यात परिचारिका एक जाड कागदाचे कार्ड घेऊन खोलीत येते. त्यावर रिकामी वर्तुळे छापलेली असतात. बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब त्या वर्तुळांत भरावयाचे असतात. पुष्कळ घरांत या क्षणी आजी पुढे होते. ‘अहो सिस्टर, तीन दिवसांचे लेकरू ते. आत्ताच सुई कशाला? सव्वा महिना होऊ दे, मग बघू.’ तिची माया खरीच असते. परंतु काही दोषांच्या बाबतीत सव्वा महिना हा फार मोठा काळ असतो.

जन्मतः थायरॉइड ग्रंथी नीट काम करीत नसेल, तर बाळ वरून बहुधा निरोगीच दिसते. भारतात साधारणपणे हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा दोष आढळतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर बुद्धीची वाढ बहुतांशी सुरळीत होते. महिने उलटले, की झालेली हानी त्या गोळीने भरून येत नाही. गोळी अगदी स्वस्त आहे. मोलाची आहे ती वेळ. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत संबंधित संप्रेरक बाळाच्या रक्तात स्वाभाविकपणेच वाढलेले असते, म्हणून टाचेची ही तपासणी बहुधा तिसऱ्या दिवसाच्या सुमारास करतात, आणि नेमकी तीच घरी जाण्याची घाईची वेळ असते. कागदावर रक्त वाळवून तपासण्याची ही पद्धत अमेरिकेतील बफेलो येथे रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एका वेगळ्या जन्मजात विकारासाठी रूढ केली. आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांतील नवजातांसाठी अशी तपासणी हाती घेतली होती.

तेव्हा सुई टाळण्यात बाळाचे हित नाही. घरच्यांनी पाहावयाचे ते हे, की ती सुई कोणाच्या हातात आहे आणि तो हात काय शिकलेला आहे.

नवजात बालकाला वेदना जाणवतच नाहीत, किंवा जाणवल्या तरी त्यांचा मागे काही परिणाम राहत नाही, असा समज वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होता. त्याला मोठा धक्का दिला तो इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद या तरुण डॉक्टरने. शस्त्रक्रियेहून परतणारी अपुऱ्या दिवसांची बाळे एवढी खालावलेली का असतात, हे शोधताना त्यांच्या ध्यानात आले, की अनेकांना पुरेसे वेदनाशमन मिळतच नव्हते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की योग्य वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी राहिला आणि त्यांच्यात गुंतागुंतही कमी झाली. शस्त्रक्रियेपुरते सिद्ध झालेले हे सत्य पुढे सुईपर्यंत पोहोचले. मूल रडते ते दुखते म्हणून, एवढी साधी गोष्ट मान्य झाल्यावर रक्त काढण्याच्या शिक्षणाचे स्वरूपच पालटले.

आज चांगल्या विभागात या शिक्षणाचा पहिला धडा सुईचा नसतो, धरण्याचा असतो. बाळ आईच्या कुशीत, शक्य तर तिच्या उघड्या त्वचेला लागून किंवा अंगावर पीत असावे. टाच थंड असेल तर कोमट कापडाने ती शेकावी. शेकल्याने रक्त सहज येते. टोचण्याची जागा तळटाचेच्या दोन्ही कडांवर असते. टाचेच्या मागच्या गोलाईवर कधीच नाही, कारण तेथे हाड अगदी जवळ असते आणि खोल टोचल्यास हाडाला संसर्ग होऊ शकतो. खोली २ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, म्हणून साध्या सुईऐवजी स्प्रिंगचे स्वयंचलित लॅन्सेट वापरतात. स्पिरिट पूर्ण वाळल्यावाचून टोचू नये, पहिला थेंब कापसाने टिपून टाकावा.

आणि मग थांबावे. शिकाऊ हाताला हे थांबणेच सर्वांत जड जाते. थेंब लवकर येईना, की तो टाच पिळू लागतो. पिळल्याने रक्तपेशी फुटतात, पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते, डॉक्टर काळजीत पडतात आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. म्हणजे दोन मिनिटांची घाई दुसऱ्या जखमेला कारण होते. हा सराव आधी रबरी बाहुलीवर करून घेतात. बाहुली उपयोगी खरी. पण ती पाय ओढत नाही, रडत नाही, आणि तिची आई शेजारी उभी राहून पाहत नाही. म्हणून नंतरची कित्येक बाळे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच हाताळावी लागतात.

शिरेतून रक्त काढण्यात हात तयार असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळाला टाचेपेक्षा शिरेची सुई कमी दुखते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेतही बालकांसाठी वेगळे प्रकरण आहे. टोचण्यापूर्वी दोनेक मिनिटे जिभेवर सोडलेले मोजक्या तीव्रतेच्या साखरपाण्याचे थेंब वेदना कमी करतात. तो औषधी उपाय असून रुग्णालयातच, मोजून करावयाचा असतो. त्यावरून घरच्या घुटीचे समर्थन कोणी काढू नये.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना एक गोष्ट लगेच पटेल. पूर्ण दिवसांच्या ३ किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे २४० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक मोठा पेला. १ किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ जेमतेम ९० ते १०० मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या एका नळीत जाणारे ५ मिलिलिटर रक्त त्या बाळाच्या एकूण भांडवलाचा विसावा हिस्सा ठरते. म्हणून अतिदक्षता विभागात छोट्या नळ्या वापरतात आणि काढलेल्या प्रत्येक थोड्याथोडक्या रक्ताची नोंद रोजमेळासारखी ठेवतात. ‘एकदा सुई लावलीच आहे, तर सगळ्याच तपासण्या करून घ्या,’ हे घरच्यांचे वाक्य तेथे जपून उच्चारावे.

मूल मोठे झाले, की शिक्षणात बोलण्याचा भाग येतो. ‘मुळीच दुखणार नाही,’ असे तंत्रज्ञाने सांगू नये. मूल एकदा फसले, की पुढच्या वेळी दारातूनच परत फिरते. ‘थोडे टोचेल, मी तीन म्हटले की फुंकर मार,’ हे पुरते. त्वचा बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावता येते. मुलाला टेबलावर आडवे दाबून धरण्यापेक्षा आईवडिलांच्या मांडीवर बसवावे. दोन प्रयत्न फसले, तर तिसरा त्याच हाताने न करता दुसऱ्याला बोलवावे. हे मान्य करण्यात कमीपणा नाही, हेही शिकवावेच लागते. मात्र जेवत नाही म्हणून ‘डॉक्टरकाका सुई देतील’ असा धाक ज्या घरात रोज घातला जातो, तेथील मुलापुढे कुशल तंत्रज्ञाचेही काही चालत नाही.

आपल्याकडे प्रयोगशाळेचा पदविका अभ्यासक्रम करून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांचा हात मोठ्यांवर बसलेला असतो. बाळ अधूनमधून समोर येते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा व्यावसायिकांच्या शिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे, परंतु बाळाच्या टाचेवरचा सराव शेवटी रुग्णालयालाच करवून घ्यावा लागतो. त्याला बाहुल्या लागतात, लॅन्सेट लागतात, शिकविणाऱ्याचा वेळ लागतो. व्यापारी घराण्यांच्या देणग्यांतून गावोगावी तपासणी यंत्रे आली, त्यांवर पूर्वजांची नावेही लागली. यंत्रापर्यंत नमुना पोहोचविणाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी देणगी विचारणारा विश्वस्त मात्र क्वचितच भेटतो.

घरच्यांनी खोलीत असताना दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. नमुन्यावरची चिठ्ठी बाळाजवळच, आईच्या नावासह लिहिली जात आहे ना. जुळी असतील तर पहिले कोणते नि दुसरे कोणते हेही तिच्यावर हवे. आणि रक्त थांबेपर्यंत टाचेवर स्वच्छ कापूस धरून ठेवावा. चिकटपट्टी लावू नये. नाजूक त्वचा तिच्याबरोबर निघते, आणि सुटलेली पट्टी बाळाच्या तोंडात जाऊ शकते.