खेळास साजेसें साधन

व्हिडिओ खेळ मुलांनीं खेळावेत कीं नाहीं, हा वाद पुष्कळ झाला आहे. त्यांत आम्ही आज पडत नाहीं. ज्या घरांत ते खेळले जातात, तेथील मुलांस व वडीलधाऱ्यांस आम्ही निराळाच प्रश्न विचारूं इच्छितों. नवा कन्सोल बाजारांत येतो, त्याच्या कंट्रोलरमध्यें कांहीं अपूर्व सोय असल्याची दवंडी पिटली जाते, मुलगा हट्ट धरतो आणि पालक पैसे मोजतात. पण ती सोय ज्या खेळासाठीं घ्यावयाची, त्या खेळास ती शोभते काय, हें कोणी पाहतो काय?

हातवाऱ्यांनीं खेळण्याची रीत घरोघर पोंचली ती २००६ सालीं, जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें ‘वी’ नांवाचा कन्सोल काढला तेव्हां. चित्रांच्या सुबकपणांत तो प्रतिस्पर्ध्यांच्या मागेंच होता. परंतु त्याचा कंट्रोलर एका हातांत मावणारा असून, हाताचा वेग बदलला कीं तें ओळखणारें एक सूक्ष्म यंत्र त्यांत बसविलें होतें. अमेरिकेंत व युरोपांत त्याच्यासोबतच ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ मिळे. त्यांत टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व मुष्टियुद्ध असे पांच प्रकार होते. अमेरिकेंतील वृद्धाश्रमांतहि बोलिंगचे सामने रंगूं लागले. ह्याचें कारण उघड आहे. चेंडू टाकावयाचा म्हणजे हात मागें नेऊन पुढें आणावयाचा; शिकविण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

मात्र एक बारीक गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी. ह्या बोलिंगमध्येंहि रचनाकारांनीं एक बटण शिल्लक ठेवलें आहे. हात पुढें येतांना तें सोडावें, तेव्हां चेंडू सुटतो. दिशा आणि जोर हाताच्या झोक्यानें कळतात, पण नेमका क्षण सांगण्याचें काम बोटाकडेच राहिलें. आमच्या मतें ह्या साऱ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. जेथें खेळाडूच्या शरीराची हालचाल व पडद्यावरील हालचाल एकाच जातीची असते, तेथें हातवारे शोभतात. जेथें निमिषार्धाचा प्रश्न असतो, तेथें बटणासारखें दुसरें साधन नाहीं.

ह्याच्या उलट मासला त्याच कन्सोलवर सांपडतो. २०१० सालीं ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ हा उड्या मारीत पुढें जाण्याचा खेळ निघाला. त्यांतील वानर कोलांटी घेऊन लोळत जातो, आणि ती योग्य वेळीं साधली नाहीं तर खोल दरींत जातो. ही कोलांटी घेण्यासाठीं कंट्रोलर गदगदां हलवावा लागे! हात हलविण्यास लागणारा काळ दर वेळीं सारखा नसतो. सबब पुष्कळदां चूक साधनाची, व प्राण मात्र वानराचा जाई. तोच खेळ २०१३ सालीं ‘थ्रीडीएस’ ह्या हातांत धरावयाच्या यंत्रावर आला, तेव्हां कोलांटी मुकाट्यानें बटणावर गेली. सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’वरील ‘लेअर’ ह्या खेळाचीहि हीच गत. २००७ सालीं तो आला तेव्हां त्यांतील उडता ड्रॅगन केवळ कंट्रोलर कलवूनच हांकावा लागे. पुढें २००८ सालीं दुरुस्ती करून अंगठ्यानें फिरविण्याची नेहमींची स्टिक चालेल अशी सोय करावी लागली.

शौल राजानें आपलें चिलखत दाविदाच्या अंगावर चढविलें आणि त्यास त्यांत चालतांच येईना, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. चिलखत कांहीं वाईट नव्हतें, राजाचेंच तें. पण त्या मुलास, त्या लढाईस, गोफणच हवी होती.

मायक्रोसॉफ्टनें २०१० सालीं ‘किनेक्ट’ आणलें. त्यांत तर हातांत धरावयास कांहींच ठेवलें नव्हतें. कॅमेऱ्यानेंच खेळाडूचें सारें अंग पाहावयाचें. ‘डान्स सेन्ट्रल’ ह्या नृत्याच्या खेळास तें उत्तम शोभलें, कारण नाचणाऱ्यास चार हात जमीन पुरते. पण २०१२ च्या ‘स्टील बटालियन: हेवी आर्मर’मध्यें खेळाडू एका पोलादी युद्धयंत्राचा चालक असे, व त्यांतील झडपा आणि दांडे हवेंत हात नेऊन ओढावे लागत. एक ओढावयास जावें तर कॅमेरा भलतेंच समजे. गंमत अशी कीं, ह्याच मालिकेंतील २००२ च्या पहिल्या खेळासाठीं सुमारें चाळीस बटणांचा अगडबंब कंट्रोलर केला होता. तो पाहून हंसूं येईल. पण त्यांतील प्रत्येक बटण बोटाला लागत होतें. पुढें २०१३ सालीं ‘एक्सबॉक्स वन’बरोबर किनेक्ट घेणें भागच केलें, तेव्हां किंमत ४९९ डॉलर झाली. वर्षभरांतच तें वगळून ३९९ डॉलरांस कन्सोल विकूं लागले, आणि २०१७ सालीं किनेक्ट बनविणेंच थांबलें.

मग हातवारे टाकाऊ काय? मुळींच नाहीं. २०१५ च्या ‘स्प्लॅटून’मध्यें रंगाच्या पिचकारीनें नेम धरावयाचा असतो. तेथें मान वळविण्याचें ढोबळ काम स्टिक करते, आणि शेवटचा केसभर नेम कंट्रोलर किंचित् कलवून साधतां येतो. दोन्ही साधनें आपापल्या ठिकाणीं आहेत. ही हालचाल इतकी लहान आहे कीं पाहणाऱ्यास ती दिसणारहि नाहीं, आणि म्हणूनच जाहिरातींत तिचा डांगोरा नाहीं. व्यायामाच्या खेळांत तर अंग हलविणें हाच हेतु असतो. २०१९ च्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’मध्यें जागच्या जागीं धांवण्याऐवजीं गुडघे वांकवून पुढें जाण्याचीहि सोय आहे. ज्यांच्या खालच्या मजल्यावर शेजारी राहतात, त्यांस हिचें मोल सांगावयास नको.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली, त्याकडे येतों. २०११ च्या ‘झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड’मध्यें वार कोणत्या बाजूनें करावा हेंच कोडें असतें. शत्रु एका अंगास शस्त्र धरतो, म्हणून हात दुसऱ्या अंगानें फिरवावा लागतो. येथें हातवारे खेळाचा जीवच होत. तथापि २०२१ सालीं तो ‘स्विच’वर आला, तेव्हां तोच वार स्टिकनेंहि करण्याची मुभा दिली. ह्यानें खेळाची चव गेली, असें कांहींजण म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्याचा हात खांद्यावर उचलत नाहीं, अगर ज्याची बोटें थरथरतात, तो मुलगाहि वर्गांत आपल्याच बांकावर बसतो. शरीर हेंच एकमेव साधन ठरविलें कीं तो खेळाबाहेर पडतो, आणि मधल्या सुटींत त्या खेळाच्या गोष्टी निघाल्या म्हणजे त्यानें ऐकत राहावयाचें. बटणांचीहि अडचण होतेच. म्हणून मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं दोन मोठ्या कळांचा, व पायानें किंवा कोपरानें दाबावयाचे खटके जोडतां येतील असा कंट्रोलर काढला. नव्या सोयींत आम्हांस सर्वांत आवडलेली ती हीच.

२०२० च्या ‘प्लेस्टेशन ५’च्या कंट्रोलरांत बोटाखालचा खटका खेळाप्रमाणें घट्ट किंवा सैल होतो. पुढच्याच वर्षीं आलेल्या ‘रिटर्नल’मध्यें तो अर्धा दाबला तर एक काम व पुरा दाबला तर दुसरें, असा त्याचा नेटका उपयोग केला आहे. ज्याच्या बोटांत जोर नाहीं त्यास हा घट्टपणा बंद करून ठेवतां येतो. २०२५ च्या ‘स्विच २’चा कंट्रोलर आडवा ठेवून संगणकाच्या माउसप्रमाणें सरकवितां येतो. नेम धरण्यास तें ठीक. पण समोर मेज नसल्यास मांडीवर किती वेळ सरकवावें?

तेव्हां दुकानांत गेल्यावर पालकांनीं नवी सोय कोणती, हें विचारण्याआधीं ती बंद करून हा खेळ खेळतां येतो काय, हें विचारावें. दुकानदारास ठाऊक नसेल, तर खेळ चालू करून त्यांतील सेटिंग्जचें पान उघडून दाखविण्यास सांगावें.