दिसायला ऐसपैस

लहान खोली मोठी कशी दाखवावी, हे शिकवणाऱ्या तमाम मंडळींशी माझं भांडण आहे. पूर्वी ही मंडळी दिवाळी अंकांच्या गुळगुळीत पानांवर भेटत. हल्ली भाच्याच्या मोबाइलवर भेटतात. मंत्र तोच. भिंतींना फिकट रंग द्या, एका भिंतीवर भलामोठा आरसा लावा, खिडकी मोकळी सोडा, फर्निचर बुटकं घ्या आणि पोटात कप्पे असलेला दिवाण आणा. एवढं केलं की दहा बाय बाराची खोली म्हणे ऐसपैस दिसू लागते. 'दिसू लागते' या शब्दांखाली मी लाल शाईने रेघ मारली आहे. खोली ऐसपैस 'होते' असं त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून चंद्रपुरात बँकेत कारकुनी करतो. आमच्या धंद्यात या प्रकाराला जुनं नाव आहे: विंडो ड्रेसिंग. ३१ मार्चच्या तोंडावर एखाद्या बड्या खातेदाराकडून ठेव आणायची, ताळेबंद फुगवायचा आणि एप्रिल उजाडताच ती ठेव सन्मानाने परत पाठवायची. कागदावर बँक गुबगुबीत दिसते, तिजोरीत मात्र होतं तेवढंच राहतं. रिझर्व्ह बँक यावरून बँकांचे कान उपटत आली आहे. खोल्यांसाठी तशी रिझर्व्ह बँक नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतो आहे.

आधी आरशाचं खातं तपासू. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत एक बाजू नावे तर दुसरी जमा असते, हे शेंबडं पोरही सांगेल. आरसा म्हणजे एकच मालमत्ता दोनदा नावे टाकणं! कुठला ऑडिटर हे पास करील? शिवाय आरसा खोलीतली मोकळी जागाच तेवढी दुप्पट करतो, असं थोडंच आहे? खुंटीवरचा शर्ट, मुलांची दप्तरं, पापडांचा डबा, सगळं तो इमानाने दुप्पट करतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ च्या घरात जातो. अशा वेळी आरशात दोन कुलर दिसतात, हवा मात्र एकाचीच लागते.

आता फिकट रंग. फिकट भिंतींमुळे उजेड वाढतो, हे खरं आहे आणि ते मी जमेला धरतो. पण हा सल्ला देणारा चंद्रपुरात एक उन्हाळा राहिला आहे काय? आमच्या शहराच्या उशाशी २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि भोवती कोळशाच्या खाणी आहेत. दसऱ्याला दिलेला मोतिया रंग होळीपर्यंत आपोआप राखाडी होतो. रंगाऱ्याला पैसे एकाच रंगाचे द्यावे लागतात आणि रंग दोन मिळतात, एवढाच काय तो फायदा.

खिडकी मोकळी सोडा म्हणे! अहो, मार्च ते अर्धा जून आमच्या खिडकीवर कुलरचं कूळ लागलेलं असतं. त्याला बेदखल करून पडदे सोडणारा माणूस या जिल्ह्यात तरी मला भेटलेला नाही.

राहता राहिलं फर्निचर. इथे आम्हा लोकांना सागवानाचा माज आहे, आणि तो अगदीच अस्थानी नाही. आलापल्लीचं सागवान नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते बल्लारपूरहून. पण ती दारं देवळाला लागली. आपण त्याच जातीच्या लाकडाचा सोफा दहा बाय बारात घालतो आणि मग सोफ्याच्या कडेकडेने आयुष्य काढतो. बदली होऊन जाणारा आमचा प्रत्येक साहेब इथून एक सागवानी दिवाण घेऊन जातो. त्यांच्या पुढच्या गावातल्या खोल्यांची मला मनापासून कीव येते.

असल्याच एका सजवलेल्या खोलीत मी माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो. आत्या आरमोरीकडची. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघाला, पण नातेवाइकांची वाटणी कोणी केली नाही. दवाखाना, परीक्षा, कोर्टाची तारीख, मुलगी पाहणं, असल्या कामांना ती मंडळी अजून चंद्रपूर गाठतातच. माझ्या सहकाऱ्याने नवी खोली कौतुकाने दाखवली. आरसा, फिकट भिंती, बुटका सोफा, छतात लपवलेले दिवे. आत्याने दारातून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "खोली त लय मोठी दिसून रायली, बापू. मंग पाय कोठी पसरू?"

सजावटशास्त्राच्या सगळ्या पुस्तकांना हे एवढं उत्तर पुरे आहे.

मी घरी येऊन हिशेब मांडला. चटई साधारण तीन फूट बाय सहा फुटांची. दहा बाय बाराच्या खोलीत अशा सहा चटया सुखाने पसरतात. आता खर्ची टाका. तीन जणांचा सोफा: एक चटई गेली. दोन खुर्च्या आणि टीपॉय: दुसरी. पेटीचा दिवाण: तिसरी, आणि चौथीचा काही भाग. टीव्हीचं शोकेस आणि कुलरचा स्टँड: चौथीचं उरलंसुरलं. दारातून ये-जा: पाचवी. शिल्लक चटई एक. घरात माणसं चार आणि पाहुणी आत्या. ही शिल्लक कुठल्याही रंगाने वाढत नाही.

जपानी लोक याबाबत आपल्यापेक्षा सरळ आहेत. ते खोली चटयांवर मोजतात. त्यांची तातामी चटईही जवळपास तीन बाय सहाचीच. साडेचार चटयांची खोली, सहा चटयांची खोली, असं ते बोलतात. रात्री गाद्या घालतात, सकाळी गुंडाळून कपाटात ठेवतात. आपणही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होतो, फक्त त्याला सजावट म्हणत नव्हतो. आणि आपल्याकडे शब्दही आहे की! कार्पेट एरियाला मराठीत म्हणतात चटई क्षेत्र. पूर्वी बिल्डर सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टसुद्धा आपल्या खोलीत धरायचे. २०१६ च्या रेरा कायद्याने त्यांना चटई क्षेत्रावरच भाव सांगायला लावला. बिल्डरने आपल्याला फसवू नये म्हणून कायदा झाला. आपणच आपल्याला फसवतो, त्यासाठी कुठलं कलम लावायचं?

मुळात आमच्याकडे मोकळेपण खोलीत कधी नव्हतंच. ते ओसरीत होतं, आंगणात होतं. परकोटाच्या आतली जुनी कवेलूंची घरं आठवा. खोल्या अंधाऱ्या आणि एवढ्याएवढ्याशा, पण उन्हाळ्यात सगळं घर रात्री आंगणात बाजा टाकून झोपायचं. भामरागडकडच्या माडिया गावांत गोटुल असतं, साऱ्या गावाची मिळून बसायची एक जागा. दर घरात वेगळा ड्रॉइंगरूम थाटायची त्यांना गरज पडली नाही. आपण फ्लॅटमध्ये आलो. ओसरीला ग्रिल आणि काचा लावून तिची खोली केली, आंगणात मोटारसायकली उभ्या केल्या, आणि आता आरशात आंगण शोधतो आहोत.

यात गेलं काय, तर पाहुणा गेला. सजवलेल्या खोलीत तो अंग चोरून बसतो, भिंतीला डोकं टेकायला भितो आणि चहा संपायच्या आत संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ विचारतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली म्हातारी त्याच दिवशी खड्ड्यांतून गावी परत जाते, आणि आपण म्हणतो, "राहायचं होतं की!" राहायचं होतं, पण कुठे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रंग जरूर द्या, आरसाही भांग पाडण्यापुरता ठेवा. पण नवी वस्तू दारातून आत घेण्याआधी खोलीत सगळ्या चटया अंथरून पाहा आणि ती वस्तू कुणाची चटई खाते, त्याचं नाव घ्या. सोफ्यापायी आत्याची चटई जात असेल, तर सोफा दुकानातच चांगला दिसतो. खोली किती मोठी आहे, असं कोणी विचारलं तर चौरस फूट सांगू नका. 'सहा माणसं झोपतात' म्हणून सांगा.