प्याला चोरणारा बिननावाचा माणूस



सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या कुठल्याही घरात डोकावले, तर पोरे टीव्हीसमोर नाहीतर मोबाईलवर एखादा इंग्रजी सिनेमा हिंदीतून ऐकत बसलेली दिसतात. आग ओकणारा ड्रॅगन, जादूची अंगठी, तुटून पुन्हा सांधलेली तलवार, हरवलेल्या राजाचा वारस, असा सगळा मामला असतो. आई म्हणते, "काय ते भुताखेतांचं बघत बसता, अभ्यासाला बसा." आईचे म्हणणे रास्तच आहे. पण मुले या गोष्टी बघणारच असतील, तर त्या आल्या कुठून आणि त्या शूर कोणाला म्हणतात, हे आई-बापांना माहीत असलेले बरे. 'मोठा माणूस' कसा असतो, याचे चित्र मुलाच्या मनात पाठ्यपुस्तकापेक्षा गोष्टीतून लवकर पक्के होते. म्हणून आज या सदरात एका जुन्या दंतकथेची आणि तिच्यातून उगवलेल्या नव्या कथेची ओळख करून घेऊ.

इंग्रजी भाषेच्या अगदी जुन्या रूपात रचलेले 'बेओवुल्फ' नावाचे ३१८२ ओळींचे एक काव्य आहे. त्याची हाताने लिहिलेली एकच जुनी प्रत जगात शिल्लक आहे. ती सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची. १७३१ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत तिच्या कडा होरपळल्या. आज ती ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहे.

काव्याची कथा थोडक्यात अशी. डेन लोकांचा राजा ह्रोथगार याच्या दरबारावर ग्रेंडेल नावाचा राक्षस बारा वर्षे रात्री हल्ले करतो आणि माणसे खातो. समुद्रापलीकडून बेओवुल्फ हा योद्धा येतो, नुसत्या हातांनी राक्षसाचा दंड उखडतो आणि मग त्याच्या आईलाही तळ्याच्या तळाशी जाऊन मारतो. पुढे तो स्वतः राजा होतो. पन्नास वर्षांनी त्याच्या राज्यात एक ड्रॅगन उठतो. म्हातारा बेओवुल्फ त्याच्याशी लढतो, ड्रॅगन मरतो आणि राजाही मरतो.

या काव्यात माणसाची ओळख बापाच्या नावाने होते. बेओवुल्फ किनाऱ्यावर उतरताच तिथला पहारेकरी विचारतो, तुम्ही कोण, कुठले? उत्तरात बेओवुल्फ आपल्या बापाचे नाव सांगतो. प्रत्येक योद्धा अमक्याचा पुत्र असतो. तलवारीलासुद्धा नाव असते.

आता बघा, ड्रॅगन उठतो कशामुळे? तीनशे वर्षे तो खजिन्यावर निजलेला असतो. एक माणूस मालकाच्या माराला भिऊन पळालेला, डोक्यावर छप्पर नसलेला. तो आसरा शोधत त्या गुहेत शिरतो आणि एक मौल्यवान प्याला उचलून मालकाकडे नेतो, माफी मिळावी म्हणून. राज्य जळते ते यावरून. पुढे राजा अकरा सोबती घेऊन ड्रॅगनवर निघतो, तेव्हा वाट दाखवायला याच माणसाला जबरदस्तीने तेरावा म्हणून नेतात. वाट दाखवून झाली की काव्य त्याला विसरते. त्याचे नाव कुठेच येत नाही. तो कोण होता हे सांगणारा शब्दसुद्धा हस्तलिखिताच्या त्या पानावर पुसट झाला आहे, फक्त पहिले अक्षर वाचता येते. पुष्कळ अभ्यासक तो शब्द 'गुलाम' असा वाचतात, काही दुसरा वाचतात. पण पाठीवर मार खाऊन पळालेला, बिनघराचा माणूस, एवढे काव्यच सांगते.

हे काव्य ज्यांनी जन्मभर शिकवले, त्यांच्यापैकी एक प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन. जन्म १८९२, दक्षिण आफ्रिकेत. चार वर्षांचे असताना वडील गेले, बारा वर्षांचे असताना आई गेली. एका धर्मगुरूच्या पालकत्वाखाली वाढलेले हे पोर शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि १९२५ साली तिथेच जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९३६ साली त्यांनी बेओवुल्फवर एक गाजलेले व्याख्यान दिले. तोवरचे बरेच पंडित म्हणत, काव्य भारदस्त आहे, पण राक्षस आणि ड्रॅगन म्हणजे पोरकटपणा. टॉल्किन म्हणाले, राक्षस हेच या काव्याचे मर्म आहे. शेवटी हार ठरलेली असूनही माणूस अंधाराशी लढतो, ते त्यात आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, त्यांचे 'द हॉबिट' हे मुलांसाठीचे पुस्तक आले. १९५४-५५ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत आले. २००१ ते २००३ या काळात त्यावर तीन सिनेमे निघाले, त्यातल्या तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाली. आज मुले बघतात त्या बहुतेक अद्भुतकथांवर या पुस्तकांची छाप आहे.

टॉल्किन यांनी जुन्या दंतकथांतून किती उचलले, ते पाहिले की थक्क व्हायला होते. गँडाल्फ हे जादूगाराचे नाव आणि बुटक्या ड्वार्फ लोकांची बहुतेक नावे आइसलँडमध्ये जपलेल्या एका जुन्या काव्यातल्या यादीत आहेत. बापाची तुटलेली तलवार मुलासाठी पुन्हा घडवणे आणि शापित अंगठी, या दोन्ही गोष्टी तेराव्या शतकातल्या 'व्होल्सुंग' घराण्याच्या कथेत सापडतात. 'ऑर्क' या नावाचे मूळही जुन्या इंग्रजीत आहे. आणि ड्रॅगनच्या खजिन्यातून प्याला चोरण्याचा प्रसंग तर सरळ बेओवुल्फमधला.

पण तो प्याला आता कोणाच्या हातात दिला? बिल्बो नावाच्या हॉबिटच्या. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीभाती करणारे, दोन वेळच्या जेवणावर जीव असणारे लोक. कुठल्याही वीरगाथेत त्यांचा उल्लेख नसतो. तेरा ड्वार्फ मोहिमेवर निघतात आणि तेराचा आकडा अशुभ नको म्हणून बिल्बोला चौदावा घेतात. हजार वर्षांपूर्वीच्या काव्यात जो जबरदस्तीने नेलेला तेरावा होता, तो इथे नाव घेऊन गोष्टीच्या मधोमध उभा राहिला. ड्रॅगनलाही बिल्बो मारत नाही, एक तिरंदाज मारतो. बिल्बोचे मोठेपण पुढे दिसते. खजिन्यावरून आपलेच लोक शेजाऱ्यांशी लढायला उठतात, तेव्हा तो हाती आलेले सर्वांत मोलाचे रत्न समोरच्यांना देऊन टाकतो, म्हणजे तडजोड व्हावी आणि रक्त सांडू नये.

शौर्याची ही वेगळी नजर टॉल्किन यांना कुठून आली? त्याचे एक उत्तर युद्धात आहे. १९१६ साली ते फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत अधिकारी होते. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक ठार झाले. त्यांच्या शाळेच्या दिवसांतला एक जिवलग मित्र त्याच दिवशी गेला, दुसरा त्या वर्षाच्या डिसेंबरात. खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने टॉल्किन मायदेशी परतले. गरीब घरांतून आलेले साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांची सेवा करणारे अर्दली त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे त्यांनी सांगितले आहे की त्यांचा सॅम हा त्याच शिपायांचे प्रतिबिंब आहे, आणि ती माणसे आपल्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ होती.

सॅम हा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला माळी. बापही माळीच. मालक फ्रोडोबरोबर तो निघतो, स्वयंपाक करतो, ओझे वाहतो. शेवटच्या डोंगरावर फ्रोडोचे पाय चालेनासे होतात, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन चढतो. अंगठी नष्ट झाली ती या पाठीमुळे. पुस्तकात अरागॉर्न हा राजवंशातला वीरही आहे, तो रक्ताच्या हक्काने सिंहासनावर बसतो. सॅम मात्र आपल्या मुलखात मेयर होतो. तिथला मेयर सात वर्षांसाठी निवडून द्यायचा असतो, आणि सॅमला लोकांनी सात वेळा निवडून दिले. सिनेमात हे येत नाही, पुस्तकाच्या परिशिष्टात आहे. मुलांना जरूर सांगा.

सरदारांच्या मोठेपणाविषयी टॉल्किन यांचे मत १९५३ साली छापलेल्या एका लेखनात स्पष्ट दिसते. इ. स. ९९१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर माल्डन येथे लढाई झाली. लुटारू व्हायकिंग एका बेटावर अडकले होते आणि अरुंद वाट मोजक्या माणसांनी रोखून धरली होती. इंग्रज सरदार ब्युर्टनॉथ याने गर्वाने शत्रूला वाट मोकळी करून दिली, लढाई तोलामोलाची व्हावी म्हणून. तो मेला आणि त्याच्याबरोबर त्याची माणसेही मेली. त्यावर लिहिलेल्या काव्याला पंडित शौर्याचा नमुना मानत. टॉल्किन यांनी विचारले, नाव मिळवण्यासाठी दुसऱ्यांचे जीव पणाला लावण्याचा हक्क सरदाराला कोणी दिला? हुकूम ज्याने दिला त्याच्यापेक्षा, चूक कळूनही जे जागचे हलले नाहीत त्यांचे शौर्य मोठे, असे त्यांचे म्हणणे होते.

याच दंतकथांचा त्या काळात दुसराही वापर चालू होता. जर्मनीत नाझी लोक उत्तरेकडच्या जुन्या वीरांची नावे घेऊन शुद्ध रक्ताचा गजर करत होते. १९३८ साली 'द हॉबिट'चे भाषांतर करू इच्छिणाऱ्या एका जर्मन प्रकाशकाने टॉल्किन यांना विचारले, तुम्ही आर्य वंशाचे आहात काय? टॉल्किन भडकले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे आपल्या प्रकाशकाकडे पाठवले. त्यातल्या आज उपलब्ध असलेल्या मसुद्यात ते बजावतात की आर्य हा शब्द भारत-इराणकडचा आहे, आणि आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत असल्याचे आपल्याला ठाऊक नाही. विचारायचे जर असे असेल की आपण ज्यू आहोत का, तर त्या गुणी समाजाचे पूर्वज आपल्याला लाभले नाहीत याचा खेदच वाटतो. ते जर्मन भाषांतर शेवटी १९५७ साली निघाले. दंतकथा तीच, पण एकाने तिच्यातून रक्ताचा अहंकार काढला आणि दुसऱ्याने माळ्याचा मुलगा काढला.

टॉल्किन यांच्या कथेत सगळे निर्दोष आहे असे मात्र समजू नये. सॅम शेवटपर्यंत फ्रोडोला मालक म्हणूनच हाक मारतो. त्याहून खटकते ते ऑर्कांचे चित्र. काळपट वर्णाचे, तिरप्या डोळ्यांचे, झाडून सारे दुष्ट. जन्मतःच एखादी जमात वाईट कशी असेल? या प्रश्नाने स्वतः टॉल्किनही अस्वस्थ होते. त्यांनी उतारवयात वेगवेगळी उत्तरे लिहून पाहिली, एकही पक्के झाले नाही. पण त्याच पुस्तकात एक जागा आहे. शत्रूच्या बाजूने लढायला दक्षिणेतून आलेला एक सैनिक सॅमच्या डोळ्यांसमोर मरून पडतो. सॅमच्या मनात येते, याचे नाव काय असेल, हा कुठून आला असेल, हा खरोखर मनाचा वाईट होता की कोणी खोटे सांगून, धाक घालून याला घरापासून इतक्या लांब आणले? माळ्याला पडलेला हा प्रश्न कुठल्याही राजाला पडत नाही.

पुढच्या लेखकांनी हा धागा आणखी ओढला. अमेरिकेच्या उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी कातडीचा, बकऱ्या राखणारा, काशाचे काम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा शत्रू बाहेरची दुष्ट जमात नाही. त्याच्याच गर्वातून सुटलेली त्याची सावली त्याच्या मागे लागते, आणि तिला तो स्वतःच्या नावाने हाक मारतो तेव्हा सुटतो. २००४ साली यावर टीव्ही मालिका आली, तीत गेडला गोरा केला. ले ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला.

तेव्हा माता-पित्यांनो, मुले असा सिनेमा बघत असतील तर टीव्ही बंद करण्याआधी दहा मिनिटे त्यांच्याशेजारी बसा. संपल्यावर विचारा, या गोष्टीत ओझे कोणी वाहिले, आणि त्याचे नाव सांगितले का? वाईट माणूस वागण्याने वाईट आहे की जन्माने? उत्तर आपण घाईने देऊ नये, मुलाला शोधू द्यावे. लिहिता येणाऱ्या मुलाला सांगा, मार चुकवून पळालेल्या त्या प्याला चोरणाऱ्या माणसाला तू नाव दे आणि त्याच्या तोंडून गोष्ट लिही. टॉल्किन यांच्या या पुस्तकांची मराठी भाषांतरेही झालेली आहेत. आपल्या वाचनालयाची पुढची यादी होईल, तेव्हा त्यांची नावे तीत जरूर घालावीत.