घडीवर घडी

परवा रामटेकला जाऊन आले. गडमंदिर अनेकदा पाहिलेलं, पण या वेळी सोबत भाचीची मुलगी होती. ती भूशास्त्र शिकते. दर्शन झाल्यावर म्हणाली, "आजी, देव बघितलास, आता त्याच्या खालचा दगडही बघ." आणि मग आमची गाडी मनसरवरून देवलापारच्या रस्त्याला लागली.

वाटेत एका उघड्या खडकापाशी तिने मला उभं केलं. करडे-पांढरे पट्टे, आणि ते सरळ नव्हते. वळलेले, दुमडलेले, पुन्हा वळलेले. मला घडीची पोळीच आठवली. म्हटलं, "अगं, दगड मोडेल, वाकेल कसा?" तर म्हणाली, "खोल जमिनीत, उष्णतेत, लाखो वर्षं हळूहळू दाबला की तोही कणकेसारखा वागतो."

मग तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. हा सौसरचा पट्टा. नागपूर-भंडाऱ्यापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंत पसरलेला. कधीकाळी इथे पाण्याखाली वाळू, चिखल, चुना, मँगनीजयुक्त गाळ असे थर साचले. नंतर, साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी, भूखंडांच्या रेट्यात हे सगळं चिरडलं, तापलं आणि रूप पालटून बसलं. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चुन्याचा संगमरवर, चिखलाचा अभ्रकाने चमकणारा शिस्ट. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे आपला राकट सह्याद्री या दगडापुढे कालचं पोर!

आणि घडी एकदाच पडलेली नाही. मी विचारलं, कुठली आधीची हे कसं कळतं? ती म्हणाली, "शालीची घडी घाल आणि ती घडीच पुन्हा दुमड. जी घडी स्वतः वाकलेली, ती आधीची." एवढंच! मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईलाही कळावं इतकं सोपं.

इथेच मला माझा एक जुना अपराध आठवला.

माझं माहेर साताऱ्याचं. लग्नानंतर इकडे आले, शाळेत लागले. भूगोलाला शिक्षक नव्हते म्हणून तो विषयही माझ्याकडे आला. १९८४ साल असेल. सातवीतल्या एका मुलाने खिशातून दगड काढून टेबलावर ठेवला. काळा, त्यात तपकिरी-नारिंगी दाणे. "बाई, हा कोणता?" पुस्तकात होतं की महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा. म्हटलं, "बेसाल्ट. काळा आहे ना?" तो म्हणाला, "पण बाई, हा फार जड आहे. आणि यात दाणे आहेत." मी म्हणाले, "खाली बस." त्याचे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते. दगड त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

परवा नातीने तसाच दगड हातात दिला. गोंडाइट! गार्नेट आणि गारेचा खडक. फर्मोर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १९०९ साली इथल्या गोंड लोकांवरून त्याला हे नाव दिलं. आणि मी त्याला बेसाल्ट म्हणून मोकळी झाले होते.

या खडकांच्या थरांची नावं तरी काय? मनसर, चोरबाहुली, लोहांगी, जुनेवानी, बिचुआ. आपली साधी गावं भूशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली आहेत. आणि त्या गावांतल्या शाळकरी मुलांना ते कुणी सांगत नाही. १९३६ साली वेस्ट या भूशास्त्रज्ञाने मांडलं की देवलापारजवळचे खडक मूळ जागचे नाहीत, दुरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर गादीसारखे पसरलेत. पुढच्या अभ्यासकांनी तेच खडक पुन्हा वाचले आणि त्यावर शंका घेतल्या. मला हे फार आवडलं. निबंध पुन्हा तपासावा तसं!

कुणी म्हणेल, याचा पोटाला काय उपयोग? पोटालाच उपयोग आहे. घडी पडते तिथे, तिच्या वळणाशी मँगनीजचा थर जाड होतो, आणि एकच थर दुमडून दोन-तीन ठिकाणी वर येतो. घडी ओळखता आली नाही तर खाण खणायची कुठे? त्या मुलाच्या घरची चूल याच घड्यांवर पेटत होती.

म्हणून माझं खाणींशी भांडण नाही. पोलाद हवं तर मँगनीज हवं. पण एक सांगावंसं वाटतं. किल्ल्याचा बुरूज पडला तर आपण हळहळतो, निदान पुन्हा बांधता तरी येतो. रस्ता रुंद करताना वा गिट्टीसाठी फोडलेली घडी पुन्हा घालता येणार नाही. लोणारला राष्ट्रीय भूवारशाचा मान मिळाला, तसे इथले चार-दोन उघडे खडकही राखावेत. शेजारी मराठीत पाटी लावावी. आणि जवळच्या शाळांनी सातवीची सहल आधी तिथे न्यावी, मग वॉटर पार्कला.

'महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ' हे वाक्य मी तीस वर्षं शिकवलं. ते अर्धंच खरं होतं. पूर्व विदर्भातल्या मुलांना त्यांच्या पायाखालची जमीन आम्ही पुस्तकातून वगळून टाकली, त्यात माझाही हात आहे.

तो मुलगा आता पन्नाशी उलटलेला असेल. कुठे आहे माहीत नाही. भेटला तर सांगेन, "बाबा रे, तुझा दगड बेसाल्ट नव्हता. चूक माझी होती."

असो. तुमच्या गावचा दगड कोणता, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर एखाद्या पोराला विचारा, आणि त्याला खाली बसवू नका.