टेंडरची माहिती कोणाच्या हातात?

बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब 1917 साली मुंबईत आले, तेव्हा चरितार्थासाठी त्यांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या माणसाला बाजारातल्या इतरांपेक्षा कितीतरी अधिक कळत होते. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाइके तुटली आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान आपल्याकडे होते, बाजाराचा दरवाजा मात्र जातीच्या ताब्यात होता.

आज हा दरवाजा काही अंशी संगणकावर आला आहे. पूर्वी सरकारी टेंडरची जाहिरात कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येई आणि फॉर्म आणायला गेले की बाबू म्हणे, "फॉर्म संपले." 2016 साली सुरू झालेल्या 'जेम' पोर्टलवर केंद्र सरकारची खाती व कंपन्या बूट, गणवेश, फर्निचरपासून सफाईच्या सेवेपर्यंत सर्व काही खरेदी करतात. ही माहिती नागपूरच्या इंदोऱ्यात बसूनही दिसते. मग तिचा फायदा कोण घेतो?

प्रस्थापित ठेकेदाराने संगणक केव्हाच कामाला लावला आहे. कोणत्या खात्याने मागील तीन वर्षांत कोणता माल, कोणत्या महिन्यात, कोणत्या दराने घेतला याची नोंद त्याच्याकडे तयार असते. टेंडर निघताच त्याच्या मोबाईलवर संदेश येतो. आमचा उद्योजक शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत धावतो आणि अंदाजाने दर भरतो. स्पर्धेचा निकाल तिथेच लागलेला असतो.

वास्तविक कायदा आपल्या बाजूने आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाप्रमाणे केंद्राची खाती व कंपन्यांनी वार्षिक खरेदीतील ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. 2018 च्या दुरुस्तीने तो 25 टक्के झाला. त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के आहेत. 1990 च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून हा हक्क आपलाही आहे. अनामत रक्कम माफ आहे. सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला दर त्याहून 15 टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तिच्या दराने माल देण्याची तयारी दाखवून ऑर्डरचा हिस्सा मिळविता येतो. मात्र ही सवलत उत्पादक व सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. आता ज्याच्याकडे जुन्या दरांची नोंदच नाही, तो या 15 टक्क्यांत बसणार कसा?

या खरेदीवर लक्ष ठेवण्यासाठी 2017 मध्ये 'संबंध' नावाचे पोर्टल सुरू झाले. त्यातून दिसते ते एवढेच की, सार्वजनिक कंपन्यांची आपल्या उद्योजकांकडील एकत्रित खरेदी वर्षानुवर्षे 4 टक्क्यांच्या खूप खाली राहिली. "योग्य पुरवठादार मिळत नाहीत" हे ठरलेले उत्तर. संगणकाला जात नसते असे म्हणतात, पण टेंडरच्या अटी माणसेच लिहितात. तीन वर्षांची मोठी उलाढाल व पूर्वानुभव मागितला की ज्याला कालपर्यंत बाजारात उभेच राहू दिले नाही तो आपोआप बाद! फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाइफकेअर इनोव्हेशन्स प्रकरणात या धोरणाला कायद्याचे बळ असल्याचे सांगितले. परंतु त्याने एखाद्या उद्योजकाला ऑर्डर मिळण्याचा वैयक्तिक हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे एकट्याने कोर्टात जाऊन भागणार नाही, आकडे हातात घेऊन सामूहिक दबाव आणावा लागेल.

दोष आपल्यातही आहे. जातीचे प्रमाणपत्र आपल्या माणसाचे, भांडवल व नफा दुसऱ्याचा आणि आपल्याला महिन्याकाठी चार पैसे, असे सौदे होतात. हा समाजाच्या हक्काचा लिलाव आहे.

खाउजा धोरणाने सरकारी नोकऱ्या आटल्या. सरकारचा पैसा मात्र आटलेला नाही, तो आता ठेक्यांतून वाहतो. आपली शेकडो मुले संगणक अभियंते होऊन दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी हीच आकडेमोड करीत आहेत. त्यांनी आठवड्यातले दोन तास समाजाला द्यावेत. विहाराच्या वाचनालयात एक संगणक ठेवावा. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉईल, रेल्वे यांच्या टेंडरांची व दरांची नोंद ठेवावी. जाचक अटींवर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. 4 टक्क्यांचा हिशेब माहितीच्या अधिकारात प्रत्येक कार्यालयाला विचारावा.

विहारातील तो संगणक येत्या 14 एप्रिलपूर्वी सुरू झाला पाहिजे. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात तो सहज येतो.