धोंडे नव्हेत, दफने!

नागपूरजवळ काटोल रस्त्यालगत जुनापाणी येथे सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. पाहणारा म्हणतो, ‘नुसते धोंडे!’ पण ही लोहयुगातील दफने होत. उत्खननात गोट्या-मुरमाच्या भरावाखाली लोखंडी हत्यारे, मडकी, घोड्याच्या लगामाच्या कड्याही निघाल्या. 1958 चा कायदा या स्थळाला संरक्षण देतो. 2010 च्या दुरुस्तीने भोवतालच्या 100 मीटरांत नवे बांधकामही निषिद्ध ठरले. परंतु उघड्या माळावर कायदा एकटा किती पुरणार? एक धोंडा शेताच्या बांधाला गेला, की वर्तुळ मोडलेच. म्हणून मित्रहो, इतिहासाच्या सहलीने दौलताबाद जरूर पाहावे. पण एक दिवस या माळावरही जावे, गावकऱ्यांशी बोलावे. हे माणसांचे स्मशान आहे, हे ज्याला उमगले तो त्यातला धोंडा हलवणार नाही.