सेवा हे आमिष असेल तर

नागपूरच्या सीताबर्डीतले म्यूर मेमोरियल हॉस्पिटल स्कॉटिश मिशनने १८९६ साली स्त्रियांसाठी सुरू केले. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवणेही तेव्हा घरंदाज बाईला अवघड होते, म्हणून तिकडून स्त्री-डॉक्टर आल्या. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो हेतूपाशी. एक पक्ष म्हणतो, अशा ठिकाणी मिळाले ते औषध नव्हतेच, आमिष होते. दुसरा पक्ष जरा सौम्य आहे. तो म्हणतो, औषध दिले ते उत्तमच, पण त्यात ख्रिस्त कशाला आणायचा? सेवा करावी, श्रद्धा घरी ठेवावी. वरवर हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे: ज्याची श्रद्धा पक्की, त्याचे प्रेम निर्मळ असू शकत नाही. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. ख्रिस्ती माणसाचे प्रेम जिथे गढूळ झालेले दिसते, तिथे त्याची श्रद्धा जास्त झालेली नसते, कमी पडलेली असते.

पहिल्या पक्षाची सर्वांत भक्कम मांडणी नागपुरातच झाली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९५४ साली रविशंकर शुक्लांच्या सरकारने इथल्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथालये ही धर्मांतराची साधने झाली आहेत, आणि धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, असे तो अहवाल सांगतो. आम्हा ख्रिस्ती लोकांतल्या बऱ्याच जणांना हा अहवाल न वाचताच फेटाळायची सवय आहे, ती बरी नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि तिथेच ख्रिस्ती झाली, हा इतिहास आहे. त्या मुलांचा जीव वाचला हे खरे, पण उपाशी मुलाच्या होकाराला स्वतंत्र होकार म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे. एवढे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा, की आमिष हा ख्रिस्ती सेवेचा नियम होता काय? स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली आणि १८८३ साली तिचे कॉलेज झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दुसरे सरसंघचालक मा. स. गोळवलकर याच हिस्लॉप कॉलेजात शिकले. नागपूरच्या कित्येक पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या आणि बहुतेक सगळे ज्या धर्माचे म्हणून आत गेले होते त्याच धर्माचे राहिले. सापळाच लावायचा असता तर इतका निकामी सापळा कोणी दीडशे वर्षे चालवला नसता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक एक टक्काही भरले नाहीत. शिवाय लाभाचे गणित स्वतंत्र भारतात नेमके उलटे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. शिखांना आणि बौद्धांना त्या नंतर मिळाल्या, ख्रिस्ती दलिताला आजवर मिळालेल्या नाहीत. म्हणजे जो जातो तो काही घालवून जातो. अशा माणसाला पैशासाठी फिरला म्हणणे हा तर्क नव्हे, अपमान आहे.

आणि अहवालाचे सर्वांत मोठे उत्तर खुद्द नियोगींच्याच आयुष्यात सापडते. अहवाल आला त्याच १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि त्यांच्या मागोमाग दीक्षा घेणाऱ्यांत भवानीशंकर नियोगीही होते. यात विसंगती दाखवून त्यांना हिणवण्याचे मला कारण दिसत नाही. विचार करून माणूस धर्म बदलू शकतो, तो प्रत्येक वेळी फसवलेला नसतो, हे एका न्यायाधीशाने स्वतःच्या आचरणाने सिद्ध केले. तेच माप सीताबर्डीतल्या ख्रिस्ती माणसालाही लावावे, एवढेच मागणे आहे.

आता दुसरा, सौम्य पक्ष. याची ताकद वर्ध्याहून, गांधीजींकडून आली. त्यांचे मिशनऱ्यांशी भांडण सेवेवरून नव्हते. सेवेच्या पोटात दडलेल्या धर्मांतराच्या अपेक्षेवरून होते. नियोगी समितीतले ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज हे त्याच विचाराचे, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक. या पक्षाशी मी निम्मा सहमत आहे. येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी वाटेवर पडलेल्या जखमीला उचलतो, खाणावळीचे पैसे भरतो आणि निघून जातो. बदल्यात काही मागत नाही. पण येशूच्या श्रोत्यांना हा दृष्टांत झोंबला तो वेगळ्या कारणाने. शोमरोनी त्यांच्या लेखी पाखंडी होता. प्रेमाची परीक्षा आपल्या कळपाबाहेर होते, हे त्यात सांगितलेले आहे. मग श्रद्धा कशाला, असे कोणी विचारील. श्रद्धेवाचून सेवा होतच नाही असा दावा करणे खोटे ठरेल. त्या दाव्याला उत्तर द्यायला वरोऱ्याचे आनंदवन इथून दूर नाही. पण वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगासाठी आयुष्य वेचणाऱ्या जे. सी. कुमारप्पांना, तुमचे काम ठेवा आणि ख्रिस्त सोडा, असे सांगून पाहिले असते तर? त्यांचे अर्थशास्त्रच येशूच्या शिकवणीतून निघालेले होते. ज्याला जिथून बळ मिळते ते त्याने तोडून टाकावे, हा उदारपणा कसला?

श्रद्धा पक्की झाली की बुद्धीची दारे बंद होतात, असाही एक शेरा ऐकू येतो. त्याला उत्तर म्हणून सीताबर्डीची टेकडीच पुरे. याच हिस्लॉपनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह तिचे थर तपासले, नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात निबंध छापला. हिस्लॉपाइट हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ठाम श्रद्धेवरचा खरोखर जड आक्षेप वेगळाच आहे. ती जवळच्या माणसांना दुखावते. याचा पुरावा मराठीतच आहे. नारायण वामन टिळक नागपूरच्या बुटींच्या आश्रयाला होते, तिथून राजनांदगावला गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तो घाव होता, आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तो लपवत नाही. टिळकांचे वकीलपत्र घेऊन हे दुःख लहान करून दाखवणे मला जमणार नाही. पण टिळकांनी पुढे काय केले तेही पाहावे. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ चा कायदा हाताशी होता. ख्रिस्ती झाल्यामुळे पत्नीने सोडले तर कोर्टाची पायरी चढून मोकळे होण्याची वाट त्यात होती. टिळक तिकडे फिरकले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. दोघे पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळत राहिल्या आणि त्यांनी ते पाळू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. जातीचा विटाळ देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना पटले होते. टिळकांची श्रद्धा डळमळीत असती तर त्यांना घाई झाली असती. देव आपले काम करील अशी खात्री असलेला माणूस दुसऱ्यावर जोर करत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना विश्वासापेक्षाही प्रीतीला वरचे स्थान दिले, ते याच अर्थाने मी घेतो.

राहिला आमचा घरचा हिशेब. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. परदेशातून आलेली भांडणे इथे मिटवता येतात, हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर मंडळीच्या जमिनींवरून आपसांत खटले चालावेत आणि लग्न ठरवताना जुनी जात विचारली जावी, हे नियोगी अहवालातल्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा अधिक लाजिरवाणे आहे. टीकाकारांना माझी विनंती आहे की आमिषाची घटना माहीत असेल तर ती गाव, साल आणि पुराव्यासह मांडावी. सगळ्या समाजावर मोघम आरोप करू नये. आणि आपल्या संस्थांना विनंती अशी: दवाखान्याच्या किंवा शाळेच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा कुठे अजून छापला जात असेल तर तो काढून टाका, आणि त्या जागी जमिनीचा व पैशाचा हिशेब छापा. तो दरवर्षी मंडळीसमोर ठेवा, आणि बाहेरच्या कोणी मागितला तर त्यालाही दाखवा.